पुढच्या टप्प्याचं तिकीट

एसटीच्या भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा असतो हे मला दुसरीतच ठाऊक होतं. सहाचा पाढा त्याच्यानंतर आला. अण्णा कंडक्टर, त्यामुळे आमच्या घरात किलोमीटर कुणी बोलतच नसे. मामाचं मोहोळ सहा टप्पे, शाळा 'टप्प्याच्या आत', आणि सोलापूर ते पुणे, साधारण अडीचशे किलोमीटर, म्हणजे बेचाळीस.

दहावीला डिसेंबर उजाडला तरी माझं भूमितीचं पुस्तक नवंकोरं होतं. ते नुसतं समोर घेतलं तरी झोप यायची. एका दुपारी अण्णा पुण्याचा मुक्काम करून घरी आले. खाकी शर्ट खुंटीला, पाय गरम पाण्याच्या बादलीत. माझं रडगाणं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू एकदम पुण्याचं तिकीट कशाला काढतीस? मोहोळचं काढ. मोहोळ आलं की पुढचं बघू."

मी कंडक्टरची पोर. लगेच म्हटलं, "अण्णा, तोडून तोडून काढलं तर महाग पडतं. टप्प्याच्या मधे उतरलं तरी पैसे पुऱ्या टप्प्याचे, आणि पुढच्या तिकिटात तोच टप्पा परत धरणार."

ते बराच वेळ हसत राहिले. बादलीतलं पाणी हिंदकळलं. मग म्हणाले, "पडू दे महाग. मी भरतो."

आता हे मशीन आलं, बटण दाबलं की तिकीट. अण्णांच्या काळात ट्रे असायचा. वेगवेगळ्या रकमेचे, वेगवेगळ्या रंगांचे गठ्ठे, त्यातून तिकिटं फाडायची, पंचानं टकटक करून भोकं पाडायची. आणि वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद. प्रत्येक टप्प्याला तिकिटांचे नंबर वेबिलावर चढवायचे, मग गाडी कितीही भरलेली असो, कुणाचं बाळ ट्रेवर ओकलेलं असो. 'पुढच्या टप्प्याला दोन्हीचं मिळून लिहू' म्हटलं की नेमके तिथंच चेकिंगवाले चढतात, असा अण्णांचा अनुभव. मी भूमितीच्या वहीच्या मागच्या पानावर असंच वेबिल आखलं. आज प्रमेय क्रमांक अमुकपासून तमुकपर्यंत. झोपायच्या आधी आकडा चढवायचा. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या रकान्याकडे बघवत नसे. दहावी पार पडली ती हुशारीवर नाही, या चोरट्या वेबिलावर.

पण आईला हे तत्त्वज्ञान कधी फारसं पटलं नाही. बारावीनंतर मी "आता पुढचा टप्पा काय?" म्हणून घरात घिरट्या घालत होते. आई भाकरी थापता थापता अण्णांना म्हणाली, "तुमच्या गाडीला पाटी डेपोतनंच लागून येते. तुम्हाला काय, टप्पे मोजायचे. पोरीच्या गाडीला पाटी कोण लावणार?"

अण्णांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. मी सी.ए.चा फॉर्म भरला. का, हे नातेवाइकांना वेगवेगळं सांगितलं: स्कोप आहे, हिशोबाची आवड आहे, घरबसल्या प्रॅक्टिस करता येते. खरं कारण एकच, त्याला टप्पे होते. आधी सीपीटी ही प्रवेश परीक्षा, मग आयपीसीसी या मधल्या परीक्षेचे दोन ग्रुप, तीन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए.च्या हाताखाली उमेदवारी, मग फायनल. माहितीपत्रक वाचताना मला तर ते भाडेपत्रकच वाटलं.

आयपीसीसीच्या दुसऱ्या ग्रुपला तीन पेपरांत प्रत्येकी चाळीसच्या वर मिळाले, पण एकूण १४६. हवे होते १५०. म्हणजे तिन्ही पेपर पुन्हा. तेव्हा पुण्यात कॉट बेसिसवर राहत होते. फोनवर रडले. अण्णा म्हणाले, "गाडी भिगवणला पंक्चर झाली तर पॅसेंजर चालत सोलापूरला परत जातो का? खाली उतरतो, चहा पितो, मागनं येणाऱ्या गाडीत बसतो." मी खरोखरच खाली उतरून चहा प्यायले. सहा महिन्यांनी मागची गाडी मिळाली.

तरीही आईचा प्रश्न सुटला असं मला वाटत नाही. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? बाकीच्या पोरांची उत्तरं पाठ होती. मी गप्प. मला फार तर पुढचे सहा किलोमीटर दिसत होते. नोकरी मिळाली, चांगली चाललीय, पण बरोबरीच्या मैत्रिणी 'चाळिशीत स्वतःची फर्म' वगैरे बोलायला लागतात तेव्हा मला आपण कुठेतरी कमी आहोत असं वाटतं. अण्णांनी मला थकू दिलं नाही हे खरं. लांबवर बघायची खोड मात्र लागली नाही ती नाहीच. दोष त्यांना देत नाही. दिवसभर उभं राहून नोकरी करणारा माणूस दुसरं काय शिकवणार?

मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्यानंतरच्या दिवाळीत मी अण्णांना घेऊन स्वारगेटहून सोलापूरला निघाले. ते ज्येष्ठ, मी महिला, म्हणजे दोन धडधाकट माणसं आणि दोन अर्धी तिकिटं. अण्णांना याचंच हसू येत होतं. कंडक्टर जेमतेम पंचविशीचा होता. त्यानं मशीनवर बोटं चालवली, तिकिटाची चिठ्ठी फाडून दिली. अण्णांनी ती हातभर लांब धरून वाचली आणि त्याला विचारलं, "यात टप्पे दिसतात का हो?"

"आत असतात ना काका. मशीनच मोजतं."

"मग बरं," अण्णा म्हणाले. चिठ्ठीची व्यवस्थित घडी घालून खिशात ठेवली आणि खिडकीकडे सरकून बसले. हडपसर आलं तेव्हा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दोन झाले."