उत्तर नको, चुकलेली ओळ पाठवा

रविवार, रात्र.

बारावीची परीक्षा जवळ आली की फोनवर गणितांचे फोटो येऊन पडायला लागतात. सोबत एकच ओळ : ‘सर, हे सोडवून द्या ना.’ फोटोत छापील प्रश्न, त्यावर हाताची सावली, पर्याय कापलेले, आकृती मागच्या पानावर राहिलेली. पोराने स्वतः काय केलं, त्याचा मागमूस नाही. अशा प्रश्नाचं अख्खं उत्तर लिहून पाठवणं सोपं, पण त्याचा उपयोग जवळपास शून्य. सुबक उत्तर वाचताना प्रत्येक ओळ पटत जाते आणि आपण नेमके कुठे घसरलो होतो ते झाकलंच जातं.

आज मात्र एका मुलीने वहीचं पानच पाठवलं. जत्रेतल्या मौत का कुआँचं, म्हणजे विहिरीच्या उभ्या भिंतीवर फिरणाऱ्या मोटारसायकलचं गणित. त्रिज्या 5 मीटर, घर्षणांक (म्यू) 0.5, जी (गुरुत्वत्वरण) 10 धरायचा; मोटारसायकल खाली न घसरता फिरायला किमान वेग किती? तिचं उत्तर 5, पुस्तकातलं 10. खाली लिहिलेलं : ‘एन म्हणजे एमजी घेतलंय, इथेच शंका आहे.’ अर्धं काम तिनेच करून ठेवलेलं.

एन हा पृष्ठभागाचा रेटा, एमजी हे वजन; एन म्हणजे एमजी हे सपाट रस्त्यावर. तिथे रस्ता वजन पेलतो आणि घर्षण गाडीला वळणाच्या आत ओढतं. विहिरीत कामं अदलाबदल होतात. भिंत उभी, म्हणून तिचा रेटा आडवा, केंद्राकडे. एन म्हणजे एमव्हीवर्ग भागिले आर (वस्तुमान × वेगाचा वर्ग ÷ त्रिज्या). वजन पेलायचं काम घर्षणाकडे, म्हणून म्यू गुणिले एन हे एमजीपेक्षा कमी पडून चालत नाही. यातून वेगाचा वर्ग = आर × जी ÷ म्यू = 5 × 10 ÷ 0.5 = 100, वेग सेकंदाला 10 मीटर, म्हणजे ताशी 36 किलोमीटर. तिने काढलेला 5 हा त्याच त्रिज्येच्या सपाट वळणावरचा कमाल वेग. तोच विहिरीत घालून पाहावा : दर किलोमागे भिंतीचा रेटा 5 न्यूटन, घर्षण जास्तीत जास्त 2.5, आणि वजन 10. स्वार खाली.

तिला एवढंच कळवलं : ‘आकृतीत एनचा बाण कुठल्या दिशेला काढलास?’ पुढचं तिने स्वतः केलं. बाण न काढताच समीकरण लिहिणं, हे यंत्रशास्त्रातल्या निम्म्या डाऊटचं मूळ.

गणिताची तऱ्हा वेगळी. तिथे पायरी बरोबर दिसते आणि चिन्ह निसटून जातं. 0 ते पाय (π), वर्गमूळात 1 वजा साइनवर्ग, याचं संकलन (इंटिग्रेशन). मुलं वर्गमूळ काढून सरळ कॉस लिहितात, उत्तर शून्य येतं आणि पुढे जातात. अरे, वर्गमूळ कधी ऋण नसतं, आलेख सगळा अक्षाच्या वर, मग क्षेत्रफळ शून्य कसं होईल? पाय भागिले 2 नंतर कॉस ऋण होतो, तिथे वजा कॉस घ्यायचा. 1 अधिक 1, उत्तर 2.

कुठल्या परीक्षेसाठी विचारताय तेही लिहावं. सीईटीत, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग-फार्मसी प्रवेशपरीक्षेत, फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे एकाला 54 सेकंद. निगेटिव्ह मार्किंग नाही. तिथे विहिरीचं सूत्र पाठच हवं. बोर्डाला पायऱ्या हव्यात, आणि आकडेमोडीला कॅल्क्युलेटर नाही, लॉग टेबल. बारचा, म्हणजे ऋण दाखवायला आकड्याच्या डोक्यावर काढतात त्या रेघेचा, घोळ तर दरवर्षी ठरलेला. 0.0456 चा लॉग बार 2.6590, यात बार फक्त 2 वर; .6590 धनच. वर्गमूळासाठी निम्मं केलं की बार 1.3295, अँटिलॉग 0.2135. जो पूर्ण आकडाच ऋण समजतो त्याला 0.0468 मिळतं. आणि 0.00456 असेल तर बार 3 ला 2 ने भाग जात नाही. आधी बार 4 अधिक 1.6590 करायचं, मग निम्मं, बार 2.8295. इथे ‘उत्तर जुळत नाही’ म्हणणाऱ्याने लॉगची ओळ पाठवली नाही, तर समोरचा फिजिक्सच तपासत बसतो.

एआयकडून आलेलं उत्तर तपासायलाही पोरं पाठवतात. ते ओघवतं असतं, म्हणूनच जपून. एकक तपासा, मग एखादी टोकाची किंमत घाला. विहिरीच्या सूत्रात म्यू शून्याकडे नेला की वेग अनंताकडे जातो; गुळगुळीत भिंतीवर कोणी टिकणारच नाही, तेव्हा हे जुळतं. म्यू वर गेलेलं सूत्र असेल तर गुळगुळीत भिंतीवर मोटारसायकल उभ्या उभ्या चिकटून बसेल.

रात्री उशिरा तिचा पुन्हा मेसेज : ‘मागे अजून एक माणूस बसवला तर?’ वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटतं, उत्तर 10 च. तरी तिला आधी बाण काढायला सांगितलंय.