खुर्द्याचा माग : पाचवा महिना

‘खुर्दा’ हा शब्द जिथं जिथं भेटतो, त्याची एकेक चिठ्ठी लिहून मी खोक्यात ठेवतो. खोक्यात आता ३७ चिठ्ठ्या झाल्या. गेल्या महिन्यात २९ होत्या. भर आठचीच, पण त्यातल्या एकीमुळे सगळं खोकं पुन्हा लावावं लागलं.

सुरुवातीपासून मी दोन कप्पे केले होते. एकात नाण्यांचा खुर्दा, म्हणजे मोड, सुटी नाणी. दुसऱ्यात लढाईचा : ‘शत्रूचा खुर्दा उडवला’. हे शब्द वेगळेच असावेत, असं मी धरून चाललो होतो.

मग पानिपतची चिठ्ठी लिहायला घेतली. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईनंतर नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलेलं ते सावकारी पत्र आपल्याला लहानपणापासून पाठ असतं. दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. मोत्यं म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, इथं सगळेच थांबतात. मीही थांबायचो. या वेळी ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्यानं १८२६ मध्ये लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासात तेच वाक्य पाहिलं. त्यानं इंग्रजीत रुपये-खुर्द्याच्या जागी चांदी आणि तांबं म्हटलंय. मोती, सोनं, चांदी आणि तळाला तांबं. ज्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत, ती माणसं या शेवटच्या शब्दात आहेत. ती चिठ्ठी लिहून झाल्यावर बराच वेळ पुढची घेता आली नाही.

आणि तिथंच दोन्ही कप्पे एक झाले. आपण रुपया मोडतो, बखरीत फौज मोडते. मोडलं की उरतो तो खुर्दा.

बाकीच्या चिठ्ठ्या भराभर. फारसीत ‘खुर्द’ म्हणजे लहान, त्यामुळे गावांची नावंही याच घरातली : खुर्द धाकटं, बुद्रुक थोरलं. वर्तमानपत्रातल्या जमिनीच्या जाहीर नोटिसा मी आजवर चाळून सोडून देत होतो, कारण तिथं शब्द पूर्ण नसतो. ‘मौजे आंबेगाव खु., ता. हवेली’ एवढंच. एका अक्षरावर आणि टिंबावर तो शब्द अजून सातबाऱ्यावर टिकून आहे. शोधताना ‘खु.’ आणि ‘बु.’ जरूर पाहा. ओडिशातलं खुर्दा रोड स्थानक मात्र सारखं मध्ये येतं. त्या चिठ्ठ्या मी बाजूला काढल्या.

उर्दूत सूक्ष्मदर्शकाला खुर्दबीन म्हणतात. तिची बहीण दुर्बीण आपल्याकडे आली आणि घरचीच झाली, ही मात्र आली नाही. मला याची खरंच हळहळ वाटते.

सदतिसावी चिठ्ठी कागदावरची नाही. आजोळच्या आठवडी बाजारात सुपारी घेतली आणि पाचशेची नोट पुढं केली. म्हातारे सुपारीवाले म्हणाले, “खुर्दा न्हाई बघा माझ्याकडं.”

“काय म्हणालात, आजोबा?”

“खुर्दा, खुर्दा,” म्हणत त्यांनी पत्र्याचा डबा उघडून माझ्यासमोर धरला. तळाशी रुपया-दोन रुपयांची दहा-बारा नाणी होती. त्यांच्याच सुपारीच्या पुडीवर मी शब्द आणि तारीख लिहून घेतली. ती पुडी उलगडून तशीच खोक्यात ठेवली आहे.