त्या बुडबुड्यांचं पुढे काय होतं?

सुट्टीला घरी आले की कुणीतरी विचारतंच, "तू तिकडे ध्रुवाजवळच्या समुद्रावर मिथेन मोजतेस ना? मग तो बॉम्ब कधी फुटणार?" यंदा चेंबूरच्या मावशीने आमटी वाढता वाढता विचारलं आणि मी "नाही गं, तसं काही नाही" म्हणून वेळ मारून नेली. आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा बैजवार सांगते.

मिथेन म्हणजे आपल्या गोबरगॅसमधला जळणारा वायू. समुद्रतळाशी थंडी आणि पाण्याचा दाब पुरेसा असेल तर तो बर्फासारख्या खड्यांमध्ये कोंडून राहतो. या खड्यांना हायड्रेट म्हणतात. समुद्र तापला की हे खडे फुटणार, सगळा वायू एकदम हवेत येणार आणि पृथ्वी आणखी तापवणार, ही ती बॉम्बची गोष्ट. ती हवेतून पडलेली नाही. २००८ साली नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या पश्चिमेला एका ब्रिटिश संशोधन जहाजाला तळातून वर येणाऱ्या बुडबुड्यांचे २५० हून जास्त झोत सापडले. आवाजाच्या लहरी सोडून पाण्याची खोली मोजणाऱ्या सोनार यंत्रावर ते दिसतात. काळ्या पडद्यावर तळापासून उभी पेटलेली समईची वात जशी. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मीही खुर्चीत नीट सावरून बसले होते.

पण सोनारवर दिसतो तो पाण्यातला वायू. माझं काम पाण्याच्या वरच्या हवेचं. जहाजाच्या पुढच्या डोलकाठीवर एक नळी बांधलेली असते, ती हवा ओढून खाली प्रयोगशाळेतल्या यंत्रात आणते. यंत्रात वीतभर लांबीची पोकळी, तिच्यात भिंगासारखे चकचकीत आरसे. लेझरचा प्रकाश त्यांच्यामध्ये इतक्या वेळा आपटतो की वीतभर जागेत कित्येक किलोमीटरचा प्रवास करतो. मग लेझर बंद करायचा आणि उरलेला उजेड किती वेळात विझतो ते मोजायचं. मिथेन जास्त असेल तर तो लवकर विझतो. हे सगळं सेकंदाच्या लाखाव्या भागांच्या हिशेबात चालतं. दर काही तासांनी यंत्राला माहितीतल्या प्रमाणाची हवा टाकीतून पाजायची, म्हणजे ते स्वतःच्या मनाने आकडे सांगायला लागलं नाही ना ते कळतं. माझ्या नोकरीतला निम्मा वेळ या टाक्यांत आणि नळीत दमट हवा शिरू नये या खटपटीत जातो.

तिथल्या हवेत अब्ज रेणूंमागे मिथेनचे साधारण दोन हजार रेणू असतात. उद्योगधंदे वाढण्याआधी जगभरच्या हवेत ते सुमारे सातशे होते. या दोन हजारांवर समुद्रातून आलेले पाच-दहा ओळखून काढायचे. लग्नाच्या हॉलमध्ये एकाच पाहुण्याची कुजबुज ऐकण्यातला प्रकार.

एका जुलैमध्ये मध्यरात्री, म्हणजे टळटळीत उन्हात, पाळीवर मी एकटीच होते. आलेखावर एकदम साठची उडी. वीस मिनिटांनी पुन्हा. मग पुन्हा. मी वेळ टिपली, जागा टिपली, प्रमुखांना उठवायला निघणार होते. तेवढ्यात लक्षात आलं की समुद्रतळ काही घड्याळ लावून बुडबुडे सोडत नाही. डेकवर गेले. वारा मागून येत होता आणि जहाजाच्या मैल्याच्या टाकीचा पंप दर वीस मिनिटांनी चालू होत होता. टाकीची हवा बाहेर सोडणारा पाइप नळीच्या बरोबर मागे. आमच्याच संडासाचा मिथेन! त्या रात्रीपासून वारा मागून असला की तेवढा वेळ आम्ही आकडेवारीतून काढूनच टाकतो. धुराड्याचा धूर तर आधीपासून वगळत होतोच.

असं सगळं गाळून काय उरतं? २०१४ च्या उन्हाळ्यात, मी या कामात नव्हते तेव्हा, स्वालबार्डजवळ एकाच वेळी जहाजावरून, विमानातून आणि न्यू-ओलेसुंदच्या झेपेलिन डोंगरावरच्या वेधशाळेतून मोजमाप झालं. तळातून वायू भरपूर येत होता, खालच्या पाण्यात तो विरघळलेलाही होता. वरच्या हवेत मात्र काही फरक नाही. बुडबुडा वर येता येता त्यातला मिथेन पाण्यात विरघळतो आणि त्याच्या जागी नायट्रोजन-ऑक्सिजन शिरतात. वर पोचतो तो नुसता हवेचा बुडबुडा. विरघळलेला मिथेन जिवाणू खातात, आणि उन्हाळ्यात वरचं हलकं पाणी खालच्या जड पाण्यावर झाकणासारखं बसून राहतं. शिवाय तिथे तळाशी साचलेल्या खडकांवरून कळतं की ही गळती निदान तीन हजार वर्षं चालू आहे.

पूर्व सैबेरियाचा समुद्र वेगळा. तिथे पाणी उथळ, जेमतेम पन्नास मीटर, त्यामुळे बुडबुडे वरपर्यंत पोचतात. २०१० मध्ये तिथून वर्षाला आठ दशलक्ष टन मिथेन निघतो असा अंदाज आला. २०१४ मध्ये स्वीडनच्या ओडेन जहाजावरून मोजला तेव्हा तो सुमारे तीन दशलक्षांवर आला. कमी आहे म्हणून मला हायसं वाटत नाही. पण जगभरातून सगळा मिळून वर्षाला पाच-सहाशे दशलक्ष टन सुटतो, त्यापुढे याला बॉम्ब म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

"उपग्रह आहेत की, जहाज कशाला?" असंही विचारतात. मिथेन पाहणाऱ्या बहुतेक उपग्रहांना जमिनीवरून परतलेला सूर्यप्रकाश लागतो. तिथे पाणी काळंभोर, वर ढग, हिवाळ्यात तर सूर्यच नाही. जमिनीवर त्यांना छान दिसतं. मुंबईतल्या कचऱ्याच्या डोंगरातून निघणारा मिथेन त्यांनी टिपलाय. हे मी मावशीला सांगितलं. देवनारचं डंपिंग ग्राउंड तिच्या घरापासून फार लांब नाही. ती म्हणाली, "ते सांगायला उपग्रह कशाला, मला विचारायचं."

आमच्या कामाचा कच्चा भाग म्हणजे हिवाळा. तेव्हा वादळं पाणी घुसळतात, ते झाकण मोडतं आणि खालचा मिथेन वर यायला वाट मिळते. नेमकं तेव्हाच तिथे जायला जहाजं कमी आणि हौशी माणसं त्याहून कमी. आमचे बरेचसे आकडे उन्हाळ्यातलेच, हे मी कुठल्याही बैठकीत आधी सांगून टाकते. नोव्हेंबरच्या एका फेरीत मी गेले होते. अर्धा वेळ नळीवरचं बर्फ फोडण्यात गेला, उरलेला उलट्या करण्यात.

मावशीचा शेवटचा प्रश्न होता, "पण वास येतो का गं?" मिथेनला वास नसतो. आपल्या सिलिंडरच्या गॅसला येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला. त्या जुलैच्या रात्री मात्र डेकवर आला होता. आलेख बघण्याआधी नाक बाहेर काढलं असतं तर तासभर वाचला असता.