तुम्ही विचारलंत म्हणून: खारवणची सुरुवात कुठून झाली

खारवण हा माझ्या गोष्टींमधला किनाऱ्यावरचा चिमुकला देश. नकाशावर तो कुठेच नाही. तरी इथे ऐरोलीत ज्यांनी त्या गोष्टी वाचल्यात, ते भेटले की हमखास विचारतात: अख्ख्या देशाचा इतिहास रचायचा, तर सुरुवात कुठून करता?

गोड्या पाण्यापासून. लहान देश म्हटला की पहिला प्रश्न हाच, की शेजारी त्याला गिळत का नाही? मुरूडचा जंजिरा घ्या. चहूबाजूंनी समुद्र आणि आत गोड्या पाण्याचे तलाव. शिवाजी महाराजांना, संभाजी महाराजांनाही तो घेता आला नाही. सिद्दींचं संस्थान थेट १९४८ पर्यंत टिकलं. तटबंदीचं, तोफांचं श्रेय मोठंच, पण पाणी नसतं तर वेढ्यात किती दिवस निघाले असते? उलट सिंगापूर १९६५ मध्ये स्वतंत्र झालं, तेव्हा तहान भागवायला शेजारच्या मलेशियातल्या जोहोरच्या पाण्याचा १९६२ चा करार होता. खारवणचं पाणी डोंगरातून येतं आणि डोंगर शेजाऱ्याचा. एवढं ठरलं आणि तिथलं निम्मं राजकारण आपसूक उभं राहिलं.

कमाई मिठाची. खाडीकाठची मिठागरं पाहतच मी वाढलो. भरतीचं पाणी आत घ्यायचं, या वाफ्यातून त्या वाफ्यात खेळवत दाट करायचं, शेवटच्या उथळ वाफ्यात उन्हानं दाणा धरला की ओढून ढीग लावायचे. पाऊस लागला की सगळं ठप्प. म्हणजे खारवण उन्हाळ्यात कमावणार आणि पावसाळा उधारीवर काढणार. उधारीवर धान्य देणारे बंदरातले व्यापारी, म्हणून सत्ताही त्यांच्याच घरात. राजघराण्याची मला गरजच पडली नाही.

अडलो ते राष्ट्रीय दिनापाशी, आणि माझ्या मते देशाचा जीव तिथेच असतो. ठाण्याचा किल्ला पोर्तुगिजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे आला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला. आज तिथे कारागृह आहे. राज्यं बदलली, खाडीतली भरती-ओहोटी तीच राहिली. उधाण आणि भांग, म्हणजे मोठी भरती आणि मंद भरती, बघून जाळं टाकणाऱ्या कोळ्याला यातला कुठला दिवस सणाचा वाटला असेल? हा प्रश्न मला सोडत नाही.

म्हणून खारवणात वेढा उठल्याच्या दिवशी बंदरात तोफा उडतात, आणि कोळीवाड्यात त्याच दिवशी एकही होडी पाण्यात उतरत नाही. वेढ्यात बंदराला रसद पोचवताना बुडाली ती त्यांची माणसं. दोघांचंही खरं आहे. शाळेच्या पुस्तकात त्या दिवसाला विजय म्हणायचं की नाही, यावरून तिथलं एक सरकार पडलं. सध्या मी तेच प्रकरण लिहितोय.