दोन वॉरंटी कार्डांच्या मधली जागा : आमची वाटचाल

जनरेटर आणि यूपीएस (लाइट गेली की बॅटरीवरून वीज अखंड ठेवणारं मशीन) यांची जोडी जुळवून द्यायच्या आमच्या धंद्याचा जन्म भारनियमनात झाला. २००५-०६ च्या सुमारास राज्यात विजेचा तुटवडा एवढा होता की सांगली-मिरजेकडे लाइट कधी जाणार याचं वेळापत्रक लोकांना पाठ असायचं. मिरजेत माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान होतं. माझा मावसभाऊ, ज्याला सगळे दादा म्हणतात, डिझेल इंजिनं दुरुस्त करायचा. आधी विहिरीवरची, गुऱ्हाळावरची, मग मंगल कार्यालयांचे आणि दवाखान्यांचे जनरेटर. मी बॅटरीचा माणूस, तो इंजिनाचा. दोघं एकाच गिऱ्हाइकाकडे वेगवेगळ्या वेळी जायचो आणि तिथे एकमेकांच्या मशीनला नावं ठेवायचो. भागीदारी त्यातूनच झाली.

तेव्हाची पद्धत अशी की जनरेटर एका डीलरकडून घ्यायचा आणि यूपीएस दुसऱ्याकडून. दोघांच्या टेस्ट रिपोर्टवर सही-शिक्का असायचा. लाइट असताना यूपीएस झकास चालायचा, बल्ब-पंख्यांवर जनरेटरही झकास चालायचा. दोघं एकत्र आले की मात्र गाडी अडायची.

मिरजेच्या एका हॉस्पिटलचं काम अजून लक्षात आहे, कारण पुढच्या सगळ्या कामांची मांडणी त्यावरून झाली. लाइट गेली की जनरेटर सुरू व्हायचा, पण यूपीएस त्याला दाद देत नसे. काही सेकंद इनपुट घ्यायचा, सोडायचा, परत घ्यायचा. इंजिनाचा आवाज त्याच्या बरोबरीने वर-खाली व्हायचा, यालाच आमच्यात हंटिंग म्हणतात. तेवढ्यात बॅटऱ्या संपायच्या आणि जनरेटर चालू असूनही आयसीयूतले मॉनिटर बंद पडायचे. डॉक्टरांनी दोन्ही डीलरना बोलावलं, पण वेगवेगळ्या दिवशी. जनरेटरवाला म्हणाला, ‘साहेब, ४१५ व्होल्ट देतोय, अजून काय पाहिजे?’ यूपीएसवाला म्हणाला, ‘लाइटवर चालतोय ना? मग आमचं मशीन ओके.’ खरं सांगायचं तर दोघंही बरोबर होते.

घडत होतं ते असं. चार पोलचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाला जोडलेला वीज तयार करणारा भाग, १५०० आरपीएमला (मिनिटाला १५०० फेऱ्या) ५० हर्ट्झ फ्रिक्वेन्सी देतो. साध्या मेकॅनिकल गव्हर्नरचं (वेग सांभाळणाऱ्या भागाचं) इंजिन लोड नसताना १५६० च्या आसपास फिरतं, म्हणजे ५२ हर्ट्झ, आणि लोड येईल तसं खाली उतरतं. त्याची रचनाच तशी असते, तो बिघाड नव्हे. यूपीएसला मात्र ठरावीक पट्ट्यातली फ्रिक्वेन्सी लागते आणि ती हळू बदललेली लागते. दर सेकंदाला एखाद्या हर्ट्झपेक्षा जास्त हलली तर तो बिचकतो. त्याने लोड घेतला की इंजिन दबतं आणि फ्रिक्वेन्सी झपकन उतरते. मग तो बॅटरीवर जातो, इंजिन मोकळं होऊन परत पळायला लागतं आणि चक्र पहिल्यापासून सुरू होतं.

लोक विचारतात, मग लाइटवर असं का होत नाही? ग्रिड म्हणजे कृष्णेचं पात्र, बादलीभर उपसलं तर पातळी हलत नाही. जनरेटर म्हणजे गच्चीवरची टाकी. जुन्या सिक्स-पल्स रेक्टिफायरचा (एसीची डीसी करणाऱ्या भागाचा) यूपीएस करंट ओरबाडून घेतो, त्यात तीस टक्क्यांच्या आसपास हार्मोनिक्स, म्हणजे लाट बिघडवणाऱ्या जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरी, असतात. ट्रान्सफॉर्मर ते पचवतो. अल्टरनेटरचा आतला अडथळा ट्रान्सफॉर्मरच्या दुप्पट-तिप्पट असल्यामुळे तोच करंट तिथे व्होल्टेजची लाटच वाकडी करतो. वाकड्या लाटेवरून व्होल्टेज मोजणारा एव्हीआर (अल्टरनेटरचं व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) गोंधळतो आणि नको तिथे दुरुस्ती करत बसतो.

त्या हॉस्पिटलमध्ये आम्ही नवीन मशीन काहीच विकलं नाही. दादाने गव्हर्नर नीट बसवला. मग जनरेटरवर आधी दिवे, लिफ्ट आणि एसीचा लोड घ्यायचा आणि यूपीएस त्यानंतर, असा क्रम टायमरने लावला. यूपीएसच्या सेटिंगमध्ये लोड हळूहळू उचलण्याची वेळ वाढवली. जनरेटर चालू असल्याचा सिग्नल यूपीएसला दिला, म्हणजे तेवढ्या वेळात तो बॅटरी चार्जिंगचा करंट आवरतो. इनपुटचा पट्टाही थोडा रुंद केला, पण हात राखून. पट्टा रुंद केला की इनपुट सुटत नाही, हे खरं. पण बायपासच्या (यूपीएसला वगळून वीज थेट लोडला देणाऱ्या वाटेच्या) ताळमेळाचा पट्टा त्याच्याबरोबर उघडला तर जनरेटरची डगमग आउटपुटपर्यंत पोहोचते. काही टेक्निशियन हा एकच आकडा बदलून पैसे घेऊन जातात, ते मला पटत नाही.

त्यानंतर बँकेचं कर्ज काढून थ्री-फेज पॉवर अ‍ॅनालायझर घेतला. दुकानातल्या मालापेक्षा मीटर महाग होता आणि घरी त्यावरून बरंच ऐकून घेतलं. पण आमचा खरा धंदा सुरू झाला तो तिथून. साधा क्लॅम्प मीटर ४१५ दाखवत असताना लाट किती वाकडी आहे, ते या मीटरच्या पडद्यावर डीलर, मालक आणि आम्ही एकत्र उभं राहून बघू शकतो. तो पडदा बघितला की आवाज खाली येतात. तेव्हापासून आमची एकच अट आहे: दोन्ही डीलरची माणसं एकाच वेळी हजर पाहिजेत आणि जनरेटर खऱ्या लोडवर चालला पाहिजे.

कुपवाड एमआयडीसी आणि इचलकरंजीकडे कामं लागली तेव्हा उलट्या जातीची तक्रार भेटली. तिथे व्होल्टेज खाली यायच्या ऐवजी चढायचं. जनरेटर सुरू झाला की ४४०, ४६० आणि मग ओव्हरव्होल्टेज ट्रिप. मालक एव्हीआर बदलून बदलून थकलेले. कारण बहुतेक वेळा कपॅसिटर असतं. वीज बिलात पॉवर फॅक्टरचा फायदा मिळावा म्हणून पॅनेलला कपॅसिटर लावलेले असतात आणि जनरेटर चालू झाल्यावरही ते लाइनवरच राहतात. कमी लोडला तेच कपॅसिटर अल्टरनेटरला वरून खुराक देतात. एव्हीआर फील्ड (अल्टरनेटरचं चुंबकीय बळ) कमी करत करत तळाला टेकतो, पुढे त्याच्या हातात काही राहत नाही. जुन्या यूपीएसच्या इनपुट फिल्टरमधले कपॅसिटरही रात्रीच्या कमी लोडला हेच करतात. उपाय स्वस्त आहे: जनरेटरचा कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा स्विच) बसला की कपॅसिटर बाहेर जातील असा इंटरलॉक. यूपीएसमध्ये फिल्टर तोडायचा कॉन्टॅक्टर असेल तर तो कमी लोडला सुटतो का, तेही बघायचं. हजार-दोन हजारांच्या कॉन्टॅक्टरवर काम भागतं, आणि त्यासाठी अख्खा जनरेटर बदलायला निघालेले मालक आम्ही पाहिलेत.

न्यूट्रलच्या भानगडींवर वेगळं लिहावं लागेल. इथे एवढंच, की चेंजओव्हर (लाइट आणि जनरेटर यांत अदलाबदल करणारा स्विच) चार पोलचा घ्या आणि स्विच बदलताना न्यूट्रल फेजच्या आधी सुटणार नाही, याची खात्री करा. आणि घरगुती इन्व्हर्टर छोट्या पेट्रोल जनरेटरवर चार्ज होत नसेल तर आम्हाला बोलावण्याआधी मागचं बटण ‘यूपीएस’वरून ‘नॉर्मल’वर करून बघा. निम्मे फोन तिथेच संपतात.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराने सगळ्यांचंच गणित बदललं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. तळमजल्यावरचे जनरेटर आणि जिन्याखालच्या बॅटऱ्या पाण्यात. पाणी उतरल्यावर जो सेट मिळेल तो घ्यायची घाई झाली आणि नव्या जोड्या न जुळणाऱ्या निघाल्या. ‘मोठाच घ्या’ हा सल्ला तेव्हा सर्रास दिला गेला. सिक्स-पल्स यूपीएसला दुप्पट केव्हीएचा जनरेटर लागतो, हे खरं. पण आताच्या आयजीबीटी (नव्या जातीच्या) रेक्टिफायरचे हार्मोनिक्स पाच टक्क्यांच्या आत असतात, त्याला सव्वा ते दीडपट सहसा पुरतो. उगाच मोठा घेतला की तो तीस टक्क्यांच्या खालीच चालत राहतो, सायलेन्सरमधून काळं ऑइल गळायला लागतं आणि दादाला इंजिन उघडावं लागतं. कामं आम्हालाच मिळतात, पण मालकाचं नुकसान होतं.

१ जुलै २०२३ पासून जनरेटरच्या धुराबद्दलचे सीपीसीबी-४ प्लसचे (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे) नियम लागू झाले. नव्या सेटमध्ये इलेक्ट्रॉनिक गव्हर्निंग येत असल्यामुळे फ्रिक्वेन्सीचं जुनं दुखणं बरंच कमी झालंय. दादा कुरकुरतो, कारण आता पान्याच्या आधी लॅपटॉप उघडावा लागतो. त्याचा मुलगा ते सांभाळतो.

तोच आता सोलरची कामंही बघतो, आणि सध्या सगळ्यात जास्त फोन सोलरचेच आहेत. ऑन-ग्रिड सोलर इन्व्हर्टर जनरेटरलाच ग्रिड समजून वीज सोडतो. शेडमध्ये खप कमी असला की ती वीज अल्टरनेटरमध्ये उलटी शिरते, उलटी वीज रोखणारा रिव्हर्स पॉवर रिले नसेल तर इंजिन ढकललं जातं आणि शेजारचा यूपीएस इनपुट सोडून देतो. म्हणून जनरेटरवर किमान तीस टक्के लोड राहील, अशा बेताने सोलर मागे खेचणारा कंट्रोलर आम्ही बसवतो. त्याची चाचणी रविवारी दुपारी घेतो, कारण तेव्हा ऊन भरपूर असतं आणि कारखान्यात लोड नसतो.