पद्मिनीचा गंज: कापायचं की तसंच ठेवायचं (अपडेट ४)

मंडळी, कार्ब्युरेटर झाला, ब्रेकचे व्हील सिलिंडर बदलून झाले, गाडी एका सेल्फला उचलते, म्हणून मागच्या वेळी मी लिहिलं होतं की आता फक्त सीट कव्हर आणि क्रोम राहिलंय. ते वाक्य मागं घेतो. गेले अडीच महिने गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी आहे, सीटा घरात हॉलमध्ये आहेत, आणि मी रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन गाडीखाली झोपतोय.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, पेट्रोल, १०८९ सीसी, स्टिअरिंगला गिअर, आजोबांनी घेतलेली. जवळजवळ सगळं आयुष्य मालवणात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर, घरामागच्या मांगरात (शेडमध्ये). आता कोल्हापुरात माझ्याकडं.

तर झालं असं की ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट धुवायला काढलं. खाली जुना नमदा (जाड लोकरी थर), हाताला ओला लागला. पाऊस थांबून दोन महिने झालेले, गाडी शेडमध्ये, मी नुकतीच एकदा पाण्यानं धुतलेली, तेवढ्यावर नमदा ओला. तो उचलला तर खाली लाल माती. मालवणची जांभ्याची माती, चपलांबरोबर वर्षानुवर्षं आत येणारच, म्हणून मी ब्रशनं झाडायला लागलो, झाडतोय झाडतोय तरी संपेना, ढीग वाढतच चालला, आणि मग त्या ढिगात एक कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा हाताला लागला, बोटात चुरला. ती माती नव्हती, फ्लोअरचा पत्रा होता. जांभ्याचा लाल रंगही लोखंडाच्या ऑक्साईडचाच आणि गंजही तोच, त्यामुळं कोकणातल्या गाडीत हे दोन्ही नजरेनं वेगळं करता येत नाही, हात लावूनच बघायला लागतं. तुमची गाडी किनाऱ्याकडची असेल तर मॅट उचलून नुसतं बघू नका, नखानं खरवडून बघा.

मग मी स्क्रू ड्रायव्हर घेतला. ज्यांच्याकडं जुनी गाडी आहे त्यांनी हे एकदा करायलाच पाहिजे, भीती वाटली तरी. मुठीनं ठोकत जायचं, चांगला पत्रा टण वाजतो, सडलेला भद्द वाजतो, आणि जिथं भद्द वाजेल तिथं टोक दाबायचं. ड्रायव्हरच्या बाजूला टोक तीन ठिकाणी आरपार गेलं. दाराखालचा बॉक्स, म्हणजे सिल, बाहेरून एकदम गुळगुळीत, पण पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक लावलं तर हातभर लांबीपर्यंत चिकटेचना. म्हणजे तिथं वरच्या थरात लोखंडच नाही.

ग्राइंडरला वायर ब्रश लावून तो भाग उघडला. आत काय निघालं ते सांगतो. २००९ साली गाडीला फुल पेंट केला होता, कुठं ते लिहीत नाही, पण तेव्हा त्या लोकांनी सडलेला सिल कापलाच नव्हता. त्यावर पातळ पत्र्याची पट्टी रिव्हेटनं ठोकली, वरून बोटभर जाड लांबी (पुट्टी) भरली, घासून रंग मारला आणि खालून डांबरी अंडरकोट फासला. त्या डांबरानं सिलच्या खालची पाणी निघायची भोकं बुजली. आत शिरलेलं पाणी आतच राहिलं, खारी हवा होतीच, आणि गंज आतून बाहेर खात आला. मीठ असलं की पाणी वीज जास्त चांगली वाहून नेतं आणि गंजायची क्रिया जोरात चालते, हे शाळेत शिकलेलो, पण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि पत्र्याचे दोन थर एकमेकांपासून ढकलून उघडतो हे पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. बॉक्सचे दोन पदर करंजीसारखे फुगून सुटले होते.

याच्या अगदी उलट प्रकार मागं. डिकीचा तळ आणि मागच्या चाकांच्या आतली बाजू मी सगळ्यात घाबरत तपासली, कारण वरून ते सगळ्यात घाण दिसत होतं, काळं, चिकट, केसं-पानं अडकलेलं. खरवडलं तर खाली कंपनीचा प्रायमर! पूर्ण शाबूत, टण वाजणारा. आत्याला फोन केला तेव्हा कळलं, म्हणाली, "अरे, बाबा दर वर्षी मिरगाच्या आधी गाडी फळकुटावर चढवून खालून जळकं ऑईल मारायचे, सगळ्या घरभर वास यायचा." आजोबा २००७ ला गेले. दोन वर्षांनी पेंट झाला आणि डांबर आलं. पुढून खरवडून डांबर मारलं आणि मागं बहुतेक कुणी हात घातला नाही, म्हणून ते ऑईल तिथं तसंच राहिलं. मी तो काळा थर अर्धा काढला होता, फोन ठेवल्यावर बाकीचा काढायचं थांबवलं.

आता मुख्य प्रश्न, करायचं काय.

पद्मिनीला वेगळी चासी नाही, जीप किंवा जिप्सीसारखी खाली शिडी नाही. बॉडी हीच चासी. त्यामुळं सिल आणि फ्लोअर सडले म्हणजे दिसायला खराब झालं एवढंच नसतं, गाडीचा कणा गेलेला असतो. मी एक साधी टेस्ट केली. दार बंद ठेवून फटीचं माप घेतलं, वरच्या मागच्या कोपऱ्यात ५ मिलिमीटर. मग पुढच्या बाजूनं सिलखाली फळी ठेवून जॅकनं हळूहळू उचललं, चाक सुटायच्या आधीच फट २ मिलिमीटरवर आली आणि दार अडकायला लागलं. म्हणजे गाडी मधून वाकत होती. याच गाडीतनं मी सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन करूळ घाट उतरलो होतो, हे आठवून त्या रात्री झोप लागली नाही.

माझ्या बाबांचं म्हणणं सरळ, विकून टाक. एका जुन्या गाड्यांच्या एजंटनं बघून ६० हजार सांगितले, पण तो सिलचा विषय पुढच्या गिऱ्हाईकाला सांगणार नव्हता हे त्याच्या बोलण्यावरून कळत होतं, आणि कुणाच्या तरी घरचे लोक त्यात बसणार, त्यामुळं ते मनातून गेलं. दुसरं टोक म्हणजे गाडी पूर्ण उघडी करून, सगळा रंग काढून, नट-बोल्टापासून रिस्टोरेशन. त्याचं कोटेशन साडेतीन लाखाच्या पुढं आणि वेळ एक वर्ष. माझ्याकडं तेवढे पैसे नाहीत, कर्ज काढून करायची ही गोष्ट नाही.

तिसरं मला काही मित्रांनी सुचवलं की मुंबईतनं टॅक्सीची बॉडी आण आणि सामान त्यात टाक. ऐकायला बरं वाटतं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळं २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आजही तिचं सामान मिळतं. मी गेलो होतो, दाराची हँडलं आणि काचेची बीडिंग (कडेची रबरी पट्टी) तिथूनच आणली. पण ज्या दोन बॉडी बघितल्या त्यांचे सिल माझ्यापेक्षा बरे नव्हते, त्यांनीही आयुष्यभर समुद्राचीच हवा खाल्लेली. आणि खरी अडचण कागदाची आहे. चासी नंबर बॉडीच्याच पत्र्यावर ठोकलेला असतो. बॉडी बदलली की कागदावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी एक राहत नाही, आणि नंबर कापून दुसरीकडं जोडणं हा सरळ गुन्हा आहे. तो विषय तिथंच संपला.

आणि २०२६ ला माझं आरसी (नोंदणी) रिन्यूअल आहे. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी करायला लागतं, गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी करायला लागते, आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारची फी १०,००० रुपये झालीय, वर पर्यावरण कर वेगळा. सडलेल्या सिलवर रंग मारून मी गाडी तिथं नेणार नाही.

शेवटी निर्णय उद्यमनगरातल्या मिस्त्रींच्या शेडमध्ये झाला. सत्तरीचे आहेत, बसच्या बॉडी बांधण्यात आयुष्य गेलं. गाडीखाली वाकले, अर्धा तास काही बोलले नाहीत, हातातल्या छोट्या हातोडीनं वाजवत फिरले आणि खडूनं दोन रंगांच्या खुणा केल्या. पांढऱ्या खुणा म्हणजे भार घेणारा पत्रा, पिवळ्या म्हणजे नुसतं आवरण. मग म्हणाले, "हे बघा, पांढरं सोडायचं न्हाई, पिवळं थांबतंय. दाराला भोक पडलं तर वारं येईल, हितं भोक पडलं तर गाडी जाईल." माझ्या डोक्यात इतके दिवस सगळा गंज एकच होता, कुठं दिसतोय आणि किती वाईट दिसतोय यावरून मी ठरवत होतो. त्या खुणा बघितल्यावर हिशोब सुटला. पांढऱ्या खुणा सगळ्या मिळून: दोन्ही सिल, पुढचा फ्लोअर दोन्ही बाजूंनी, जॅक लावायच्या जागा आणि उजवीकडच्या मागच्या पाट्याचा (स्प्रिंगचा) पुढचा हँगर जिथं बॉडीला बसतो तो भाग. अंदाज ७५ हजार, मी मदतीला राहिलो तर थोडं कमी. दारांचे तळ, पुढच्या हेडलाइटभोवतीचे फोड, बॉनेटची कड हे सगळं पिवळं. ते या वर्षी नाही.

काम कसं चाललंय ते जरा सविस्तर लिहितो, कारण इथंच लोक चुकतात.

आधी बॅटरी सोडली, पेट्रोलची टाकी उतरवून शेडच्या बाहेर ठेवली, सीट, नमदे, वायरिंगचा डावीकडचा जुडगा बाजूला. मग गाडी घोड्यांवर लेव्हल केली, आणि कापायच्या आधी दारांच्या चौकटीत एक इंची चौकोनी पाइप फुलीसारखे वेल्ड केले. हे केलं नाही तर सिल कापल्याबरोबर बॉडी बसते आणि मग नवीन पत्रा त्या वाकलेल्या मापातच जोडला जातो, दारं कायमची बिघडतात. आणि एका वेळी एकच बाजू. दोन्ही सिल एकदम कापायचे नाहीत.

पत्रा सीआर (जस्त न चढवलेला साधा लोखंडी), फ्लोअरला २० गेज, सिलच्या आतल्या पदराला १८. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा लवकर गंजत नाही म्हणून तो वापरू असं मला वाटत होतं, मिस्त्रींनी नाही म्हटलं, वेल्डिंगला जस्त जळून धूर होतो, तो छातीला वाईट आणि जोडही नीट येत नाही. वेल्डिंग सीओटू मशीननं, म्हणजे विजेनं वायर वितळवून, ०.८ ची वायर. गॅस वेल्डिंगनं एवढा पातळ पत्रा उष्णतेनं लाटा खातो. एक टाका इथं, पुढचा वीतभर लांब, मग परत मध्ये, सलग ओढायचंच नाही. एक सिल भरायला दीड दिवस गेला. जिथं पत्र्यावर पत्रा येतो तिथं आतून झिंकवाला प्रायमर आधीच मारून घेतला, नंतर तिथं ब्रश पोचत नाही.

गंज कुठपर्यंत कापायचा यावर आमचं जरा वाजलं. मला वाटत होतं जेवढं भोक तेवढंच कापू, मूळ पत्रा जास्त राहील. मिस्त्री दर वेळी दोन बोटं पुढं जाऊन कापायचे, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. एका ठिकाणी मी हट्टानं कमी कापलं, वेल्ड लावल्याबरोबर कडेचा पत्रा मेणबत्तीसारखा मागं सरकत गेला, भोक दुप्पट झालं. मग परत कापलं, त्यांच्या मापानं.

सिलच्या खालची भोकं मात्र मी स्वतः पाडली, मूळ होती त्याच जागी, एका बाजूला चार. आतून लांब नळीनं कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण) मारलं, भोकांतून ठिबकेपर्यंत. डांबर यापुढं या गाडीला लागणार नाही. गंजावर डांबर मारलं की ओल आत कोंडते, वरून सुकं दिसतं.

आणि पाणी येत कुठून होतं ते शोधल्याशिवाय हे सगळं फुकट होतं. पुढच्या काचेवर तांब्यानं हळूहळू पाणी सोडलं, भावाला आत टॉर्च घेऊन बसवलं. उजव्या खालच्या कोपऱ्यात बीडिंगला भेग, तिथून थेंब डॅशबोर्डच्या मागून सरळ पायाजवळ. कुर्ल्याहून आणलेलं बीडिंग त्यासाठीच.

पिवळ्या खुणांचं एवढंच केलं की सुटा गंज ब्रशनं काढला, रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज स्थिर करणारं द्रावण) लावला, तो काळा पडला, त्यावर एपॉक्सी प्रायमरचा हात. दारांवर आता काळे-राखाडी ठिगळ दिसतात. दोन जणांनी सांगितलं की एवढं केलंस तर पेंट पण करून टाक, चांगली दिसेल. नाही करणार. रंगाच्या खाली काय असतं ते मी उघडून बघितलंय, मला अजून एक दोन पावसाळे ते ठिगळ उघडे हवेत, फोड परत आले तर लगेच दिसतील.

आजची स्थिती: डावी बाजू पूर्ण. घोड्यांवरून उतरवून परत जॅक टेस्ट घेतली, फट ५ ची ५ राहिली, मी तीनदा मोजली. दार एका बोटानं लागतं, खट् असा एकच आवाज येतो, तो लहानपणी ऐकलेला आवाज आहे. आतापर्यंत ३४ हजार गेले. टाकी आतून बघितली तर तळाला गंजाची पावडर आहे, आता सगळीकडं इथेनॉलवालं पेट्रोल, इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळं तीही साफ करायला टाकलीय.

उजवी बाजू पुढच्या आठवड्यात उघडतोय आणि तिथं एक अडचण आहे. मागच्या पाट्याचा पुढचा हँगर जिथं बसतो तिथला पत्रा इतका गेलाय की मूळ आकार कळत नाही, आणि डावीकडचं माप उलटं करून घ्यायचं तर त्या बाजूला २००९ ची ठिगळं आहेत, भरवसा नाही. कुणाकडं ऐंशीच्या दशकातली पद्मिनी शाबूत असेल तर खालून पट्टी धरून एक फोटो आणि बोल्टच्या मध्यापासून सिलच्या कडेपर्यंतचं माप हवंय, दोन्ही बाजूंचं. कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या आसपास कुणी असेल तर मी स्वतः येऊन मोजून घेतो.