बोहारणीनं नाकारलेली जर्सी

शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

आज बोहारणीनं माझी जर्सी परत केली.

एवढंच झालं. दिवसभरात याहून मोठ्या गोष्टी झाल्या. त्यातली एक बँकेची होती, तिच्याबद्दल लिहायलाच बसलो होतो. वही उघडली आणि हेच वाक्य आलं.

सोसायटीत बोहारणींना सोडत नाहीत. आईनं वॉचमनकडे वशिला लावून ठेवलाय, दिवाळीच्या आधी एकदा तिला वर पाठवायचं. ती आली, दारात बसली, एकात एक घातलेली भांडी काढून मांडली. आईचा डोळा एका मोठ्या झाकणाच्या डब्यावर होता, चिवड्यासाठी. मग घासाघीस. दोन साड्या, माझ्या तीन पँटी, जुने पडदे, एक सफारी. सफारी गठ्ठ्यात ठेवताना आईनं ती दोनदा उचलून परत ठेवली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

बाई एकेक कपडा उजेडाकडे धरायची, शिवण ताणून बघायची, मग मांडीखाली सरकवायची. मग माझ्या फुटबॉल क्लबाच्या, एफसी पुणे सिटीच्या, नारिंगी जर्सीची पाळी आली. तिनं ती उलटी केली, पाठीवरचं नाव बघितलं, नखानं एक अक्षर खरवडलं. ते निघालंच.

"ही नको ताई. नाव छापलेलं कोण घेतंय? गिऱ्हाईक न्हाई याला."

"अगं, कुठं फाटलेली नाहीये," आई म्हणाली.

"फाटकी चालली असती, फडकं तरी झालं असतं. हे कापड पाणी पीत न्हाई."

डबा दिला, झाकण ठेवून घेतलं. एक कपडा कमी भरला म्हणून.

खरं तर जर्सी मला न विचारता गठ्ठ्यात गेलीच कशी याचा राग यायला हवा होता. तो आला नाही. राग आला तो तिनं नाही म्हटल्याचा. मी आतल्या खोलीतून बाहेर येऊन म्हणालोसुद्धा, "अहो, ओरिजिनल आहे ती." बाईनं माझ्याकडे बघितलं, आईनं माझ्याकडे बघितलं. मी पाणी पिऊन परत आत गेलो.

नुकतीच बातमी वाचली होती की हैदराबाद एफसी आता दिल्लीला हलतोय, नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. तेव्हा काहीच झालं नव्हतं. मोबाइल उलटा ठेवला आणि भेंडी चिरायला घेतली. मला वाटलं, संपलं आपलं, सुटलो. मग आज एका बाईनं नखानं अक्षर खरवडलं तर एवढं का लागावं?

ती जागा आपली होती म्हणून? इंडियन सुपर लीगमधली, फुटबॉलच्या त्या मोठ्या लीगमधली, ती एक जागा. २०१४ ते २०१९ ती पुण्याची होती. २०१९च्या ऑगस्टमध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला आणि ती जागा हैदराबादला गेली. हैदराबादचेही पैसे संपले. २०२३-२४ मध्ये पगार थकले, परदेशी खेळाडू सोडून गेले, पोरासोरांना घेऊन कसाबसा मोसम ओढला आणि संघ तळाला गेला. मग बी. सी. जिंदाल ग्रुपनं घेतला. आणि आता दिल्ली. सहा वर्षांत तीन शहरं. एसटीतल्या माणसाचीसुद्धा इतक्या झटपट बदली होत नाही.

पण 'आपली' म्हणजे कुणाची? हेच मला सुटत नाहीये. तिकिटं मी काढली, त्याचे पैसे त्या-त्या दिवशी वसूल झाले. जर्सी घेतली, ती कपाटात आहे. देणं-घेणं फिटलं की. मग माझं काय गेलं?

सागऱ्या त्या वेळी हेच म्हणायचा. "तुझं काय गेलं रे, तुझे शेअर होते का?" तो हिशेबाचा माणूस. त्यानंच मला एकदा बालेवाडीहून परत येताना, रिक्षा मिळत नव्हती म्हणून महामार्गापर्यंत चालत असताना, सगळं गणित सांगितलं होतं. हा क्लब नाही, फ्रँचायझी आहे. मालक दर वर्षी लीगला शुल्क भरणार, लीग आपल्या जाहिरातींच्या पैशातला वाटा परत देणार, आणि तो वाटा खेळाडूंच्या पगारालाही पुरणार नाही. तिकिटांचे पैसे म्हणजे चिल्लर. मधलं भगदाड मालकानं आपल्या दुसऱ्या धंद्यातून बुजवायचं. "म्हणजे आपण टाळ्या वाजवतोय त्या कुणाच्या तरी दुसऱ्या धंद्यावर," तो म्हणाला होता. मला तेव्हा ते विनोदी वाटलं. म्हाळुंग्याच्या बाजूला कुठं तरी वडापावची गाडी उघडी होती, आम्ही दोन-दोन खाल्ले.

दुसरा धंदा घरकर्जाचा निघाला. आमचे मालक वाधवान, त्यांचा. २०१९ साली त्यांच्या डीएचएफएल या घरकर्जाच्या कंपनीला घरघर लागली, नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेनं संचालक मंडळच बरखास्त केलं. त्याच्या तीन महिने आधी आमचा क्लब गेला होता. ठेवीदारांचे फोटो पेपरात यायचे. पांढरे केस, हातात पावत्यांची प्लास्टिकची पिशवी. त्या लोकांसमोर जाऊन मी काय सांगणार होतो, की माझा पण लेफ्ट विंगर गेला?

तेव्हा लाज वाटली आणि गप्प बसलो. ती लाज अजून आहे. म्हणजे तक्रार करायचा अधिकार मिळवायला माणसाचं निदान काही लाखांचं नुकसान व्हावं लागतं. माझं झालं नाही. माझ्याकडे पावती नाही. असती तर मीसुद्धा पिशवी घेऊन कुठं तरी उभा राहिलो असतो, कुणी फोटो तरी काढला असता.

हे लिहिताना स्वतःचीच कीव येतेय. वाचणाऱ्याला आली नसेल तर आश्चर्य.

बरं, पुण्याला ही सवय नवीन होती असंही नाही. पुणे एफसी होता, २००७ साली निघालेला, २०१२-१३ला आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा आला. २०१५ला मालकांनी आवरतं घेतलं. त्याच वर्षी कल्याणींचा भारत एफसी, एक मोसम खेळला आणि गेला. एक मोसम! आमच्याकडे बिबवेवाडीत एक हॉटेल निघालं होतं, तेसुद्धा दीड वर्ष चाललं. मग बिल्डर डीएसकेंचा डीएसके शिवाजियन्स, २०१७ला तोही गेला. डीएसकेंच्या ठेवीदारांचं पुढं काय झालं ते पुण्यात कुणाला सांगायला नको. आणि मग आम्ही. चार क्लब, पाच वर्षं. मी चारही बघितले. चौथ्याच्या वेळी तरी शहाणं व्हायला हवं होतं. सहमालक म्हणून आधी हृतिक रोशन, मग अर्जुन कपूर, असे हिरो बदलले तेव्हाच कळायला हवं होतं.

कळलं नाही, कारण २०१७-१८चा मोसम. पुढं मार्सेलिनो आणि अल्फारो. कोच पोपोविच डगआउटसमोर येरझाऱ्या घालतोय. पहिल्यांदाच सेमीफायनल. सात मार्चला बालेवाडीत शून्य-शून्य. चार दिवसांनी बंगळुरूत छेत्रीनं दोन मारल्यावर मी टीव्ही बंद करणार होतो, तेवढ्यात आमच्या लुकानं फ्री किकवर एक घातला. बाबा पेपर वाचत होते, त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "आपला का?" मी म्हटलं, "आपला." मग ते पेपर बाजूला ठेवून बसले. सात-आठ मिनिटं आम्ही दोघं जवळजवळ सोफ्याच्या कडेवर. मग छेत्रीनं तिसरा मारला. बाबा म्हणाले, "पुढच्या वर्षी," आणि पेपर उचलला.

पुढच्या वर्षी तीनच सामन्यांनी कोच काढला. त्याबद्दल पुन्हा कधी तरी.

विकासला फोन केला मघाशी. कुणाशी तरी बोलायचं होतं आणि सागऱ्याशी आता तसं बोलणं राहिलेलं नाही. विकास कोल्हापूरचा, पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचा, नोकरीसाठी इथं. बोहारणीची गोष्ट ऐकून तो एवढा हसला की त्याच्या बायकोनं मागून विचारलं काय झालं. मग म्हणाला, "भावा, तुमचं पुण्यातलं फुटबॉल म्हंजे भाड्याचं घर. मालकानं सांगितलं की सामान उचलायचं. आमच्या तालमीला मालकच न्हाई, इकणार कोण?"

मी म्हटलं, तुमच्याकडे पैसा कुठून येतो मग? तर म्हणे वर्गणी, देणग्या, पेठेतला कोण तरी पुढारी. आणि भांडणं? "भांडणं हायेत की! ती कुठं जात्यात? पण भांडायला पेठ जागेवर हाय." कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो. समोर खंडोबा तालीम होती का दिलबहार ते आता आठवत नाही. माझ्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ होते, टोपी, धोतर, आणि रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार. त्यांना कुणी विचारलं असतं, 'तुमचं काय गेलं?' तर त्यांना प्रश्नच कळला नसता. मला मात्र कळतो. हेच बोचतंय बहुतेक. मला तो प्रश्न कळतो आणि उत्तर येत नाही.

भाड्याचं घर मात्र त्यानं बरोबर म्हटलं. २०२२च्या मार्चमध्ये गोव्यात फातोर्ड्याला हैदराबाद फायनल खेळला तेव्हा मी एकटाच टीव्हीसमोर होतो. केरळा ब्लास्टर्सनी पहिला गोल केला. शेवटाला हैदराबादच्या ताव्होरानं लांबून एक असा हाणला की मी उभा राहिलो. मग खाली बसलो, कारण उभं राहायचं मला काय कारण? पेनल्टीजवर त्यांचा गोलकीपर कट्टीमनीनं तीन अडवल्या. वास्कोचा पोरगा, गोव्यातच, गोव्याचा संघ सोडून हैदराबादसाठी. कप उचलला त्यांनी. आपल्याकडून गेलेला निखिल पुजारी त्यांच्या संघात होता. आपण जे घर सोडलं त्या घरात आता लग्न आहे, खिडकीतून रोषणाई दिसतेय, आणि आपल्याला आमंत्रण नाही. पण भिंतीवरचा खिळा आपण ठोकलेला आहे. असं काहीसं. खिळा ठोकल्याबद्दल कुणी हक्क सांगतं का? मी सांगत होतो, मनातल्या मनात, सबंध पेनल्टी शूटआउटभर.

पुढं त्याच संघाचे पगार थकले तेव्हा आत कुठं तरी बरं वाटलं. हे इथंच लिहू शकतो. खेळाडूंचं वाईट वाटलं, पण त्याच्या आधी, अगदी एक क्षण, बरं वाटलं. आता दिल्ली म्हटल्यावर हैदराबादमध्येही कुणाच्या तरी कपाटात पिवळी जर्सी असेल, आणि तिथं बोहारीण असते का मला ठाऊक नाही, पण कुणी तरी असेलच. त्या माणसाला भेटून चहा पाजावा असं वाटतंय. बोलायचं काही नाही. नुसता चहा.

यंदा तर लीगच होणार की नाही ते अजून नक्की नाही. फेडरेशन आणि रिलायन्सवाल्यांचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपतोय, पुढचं कुणाला ठाऊक नाही. म्हणजे दिल्लीला संघ मिळाला आणि खेळायला लीग नाही. लग्न ठरलं, वरात निघाली, मांडवाचा पत्ता नाही. हे वाचून मी मोठ्यानं हसलो होतो, ऑफिसात. मग वाटलं, हसतोय म्हणजे सुटलोय.

आणि आज 'अहो, ओरिजिनल आहे ती'.

आता विचार करतोय की बाईला तरी काय चुकलं. तिचा धंदा आहे. तिला जे पुढं विकता येतं तेच ती घेणार. मालकांना लीगमधली जागा विकता आली, त्या जागेला गिऱ्हाईक मिळालं, दोनदा मिळालं. जर्सीला मिळालं नाही. दोघांचाही हिशेब चोख आहे. हिशेबाबाहेर पडलेलं जे काही उरलं ते माझ्याकडे. थोडक्यात, मालक झालो म्हणायचं शेवटी. क्लबाची एकमेव शिल्लक मालमत्ता, साइज एल, एक अक्षर कमी.

सागऱ्याला फोटो पाठवला. म्हटलं बघू. सव्वा तासानं उत्तर आलं: "माझी पण आहे अजून. बायको म्हणते गाडी पुसायला घे, पण पाणीच शोषत नाही."

मी लिहिलं, "पॉलिस्टर."

त्यानं लिहिलं, "हो ना."

मग दोघंही ऑनलाइन दिसत राहिलो थोडा वेळ.

उद्या पंखे पुसायचेत. स्टुलावर चढून धूळ अंगावर घ्यायला एक जुना कपडा लागतोच, ती घालीन. आई ओट्याशी अजून जागी आहे. नव्या डब्यावर तिनं ताटली झाकलीये आणि वर खलबत्ता ठेवलाय, हवा जाऊ नये म्हणून. तरी तिला खात्री नाही. "चिवडा मऊ पडणार," म्हणाली, "तुझ्या त्या शर्टापायी."